बर्फात महागड्या गाड्याच आधी का अडकतात? दोष मागच्या चाकांचा की टायरचा?

तारीख होती ६ जानेवारी २०२१. दक्षिण कोरियाची राजधानी सोलमध्ये संध्याकाळी ऑफिसं सुटायच्या वेळेलाच बर्फ कोसळायला लागला. पाहता पाहता रस्ते पांढरे झाले आणि लोक गाड्यांमध्ये तासन्‌तास अडकून पडले. शहराच्या कार्यवाहक महापौरांना नंतर जाहीर माफी मागावी लागली.

त्या रात्री सोशल मीडियावर जे फोटो आणि व्हिडिओ फिरले, त्यात मात्र एक वेगळीच गंमत होती. ‘गंगनम स्टाईल’ या गाण्यामुळे जगाला माहीत झालेल्या गंगनम या श्रीमंत भागात अडकलेल्या गाड्या साध्यासुध्या नव्हत्या. कोट्यवधींच्या परदेशी गाड्या साध्या चढावर जागच्या जागी चाकं फिरवत उभ्या होत्या. एक फेरारी तर मालकाने रस्त्यातच सोडून दिली होती. तिचा फोटो कोरियाभर फिरला. यातल्या बऱ्याच गाड्यांमध्ये एक गोष्ट सारखी होती. त्या रिअर व्हील ड्राइव्ह होत्या, म्हणजे इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना देणाऱ्या.

मग काय, लोकांनी निकाल देऊन टाकला. बर्फ पडतो तिथे मागच्या चाकांवर चालणारी गाडी घ्यायचीच नाही.

पण थांबा. ज्या देशात बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीज तयार होतात, त्या जर्मनीत दर हिवाळ्यात बर्फ पडतो. तिथे कित्येक दशकं लोक याच गाड्या चालवत आले आहेत. स्वीडनची व्होल्वो तर नव्वदच्या दशकाच्या शेवटापर्यंत मागच्या चाकांवर चालणाऱ्या मोठ्या सेडान बनवत होती. ही गाडी बर्फात निरुपयोगी असती, तर स्वीडनच्या लोकांनी ती कधीच भंगारात काढली असती. म्हणजे मेख दुसरीकडेच आहे.

आधी ट्रॅक्टरकडे बघू

चाक रस्त्याला किती घट्ट धरतं, हे दोन गोष्टींवर ठरतं. एक म्हणजे त्या चाकावर वजन किती आहे, आणि दुसरी म्हणजे टायर आणि रस्ता यांच्यात पकड किती आहे. ही गोष्ट आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळी सांगावी लागत नाही. नांगरणी करताना ट्रॅक्टरची मागची चाकं जागेवर फिरू नयेत म्हणून मागच्या टायरमध्ये पाणी भरतात, चाकाला लोखंडी वजनं लावतात. कारण एकच, जे चाक ओढणार आहे त्याच्यावर भार हवा.

आता गाडीकडे येऊ. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक आणि छोट्या सेडान पुढच्या चाकांवर चालतात. इंजिन पुढे, गिअरबॉक्स पुढे आणि ओढणारी चाकंही पुढेच. रिकाम्या गाडीचं साधारण ६० टक्के वजन आयतंच त्या पुढच्या चाकांवर पडतं. म्हणजे ट्रॅक्टरवाला मुद्दाम जे करतो, ते इथे आपोआप होतं.

बीएमडब्ल्यू ३ सीरिज, मर्सिडीज सी क्लास, लेक्सस आयएस, जेनेसिस जी७० या गाड्यांची मूळ रचना वेगळी आहे. इंजिन पुढे, पण ताकद लांब दांड्यामार्फत मागच्या चाकांना जाते. असं का करतात? कारण कोरड्या रस्त्यावर त्याचे फायदे आहेत. पुढच्या चाकांनी फक्त वळायचं, मागच्यांनी फक्त ढकलायचं, अशी कामाची वाटणी होते. त्यामुळे स्टेअरिंग हातात हलकं आणि स्वच्छ लागतं. जोरात वेग घेताना गाडीचा भार मागे जातो, तो नेमका ढकलणाऱ्या चाकांवर येतो. शिवाय पुढे-मागे वजन जवळपास निम्मं-निम्मं ठेवता येतं. बीएमडब्ल्यूने तर या ५०-५० वाटणीची वर्षानुवर्षं जाहिरात केली आहे.

पण कोरड्या रस्त्यावर मिरवायची हीच गोष्ट बर्फात थोडी महागात पडते. निम्मंच वजन ढकलणाऱ्या चाकांवर, आणि वर इंजिनाची ताकद दुप्पट-तिप्पट. पाय जरा जोरात पडला की चाक सुटलंच.

‘थोडी’ म्हणजे किती?

इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. एक सोपा हिशोब करून बघू. समजा गाडी १,६०० किलोची आहे. दाबलेल्या बर्फावर उन्हाळी टायरची पकड ०.१५ धरू आणि चांगल्या हिवाळी टायरची ०.३०. हे आकडे बर्फाच्या प्रकारानुसार बदलतात, पण प्रमाण समजायला पुरेसे आहेत. कोरड्या डांबरावर हाच आकडा ०.८ च्या आसपास असतो, म्हणजे बर्फावर आपण किती कमी पकडीवर चाललोय ते लक्षात येईल.

मागच्या चाकांवर ५० टक्के वजन असलेली गाडी उन्हाळी टायरवर किती चढ चढेल? १०० मीटर अंतरात जेमतेम साडेसात मीटर उंची गाठणारा चढ. त्याच टायरवर, ६० टक्के वजन पुढे असलेली पुढच्या चाकांची गाडी? ९ मीटर. फरक आहे, पण फार मोठा नाही. त्यातही चढावर गाडीचा भार मागे सरकतो, त्यामुळे प्रत्यक्षात हा फरक आणखी कमी होतो.

आता त्याच मागच्या चाकांच्या गाडीला हिवाळी टायर लावा. आकडा थेट १५ मीटरवर जातो.

आणि ज्या फोर व्हील ड्राइव्हसाठी लोक लाखो रुपये जास्त मोजतात, तिला उन्हाळी टायरवर ठेवलं तर? तिचं सगळं वजन ओढणाऱ्या चाकांवर आहे, म्हणून तिचाही आकडा १५ मीटरच येतो. म्हणजे हिवाळी टायर लावलेली साधी मागच्या चाकांची सेडान आणि उन्हाळी टायरवरची फोर व्हील ड्राइव्ह, चढावर दोघी बरोबरीत.

बरोबरी फक्त चढावर बरं का. कारण वर चढलं की खाली उतरावंही लागतं.

ब्रेकच्या वेळी सगळ्या गाड्या सारख्याच

गाडी कुठल्या चाकांवर चालते, याचा ब्रेकशी संबंध नाही. ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना लागतात. फोर व्हील ड्राइव्ह गाडीला निघताना जो फायदा मिळतो, तो थांबताना शून्य होतो. तिथे उरतो तो फक्त टायर.

वरचेच आकडे घ्या. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी, समोर अचानक कुणीतरी आलं, पूर्ण ब्रेक दाबला. कोरड्या रस्त्यावर ती १२-१३ मीटरमध्ये थांबेल. बर्फावर हिवाळी टायर असेल तर साधारण ३३ मीटर लागतील. उन्हाळी टायर असेल तर ६५ मीटर.

हे नुसते आकडे म्हणून वाचलं तर त्याचं गांभीर्य कळत नाही. जिथे हिवाळी टायरची गाडी थांबली, नेमक्या त्या जागी उन्हाळी टायरची गाडी अजून ताशी ३५ किलोमीटर वेगाने पुढे जात असते. समोर झेब्रा क्रॉसिंगवर शाळेतून घरी निघालेलं पोर असेल, तर या ३५ चा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको.

म्हणूनच बर्फाळ देशांतले अनुभवी ड्रायव्हर सांगतात की अडकलेल्या सेडानपेक्षा भरधाव निघालेल्या एसयूव्हीची भीती जास्त. मागच्या चाकांची गाडी निघतानाच जरा घसरते आणि मालकाला लगेच कळतं की रस्ता बरा नाही. फोर व्हील ड्राइव्ह मात्र काहीच न जाणवू देता वेग पकडते. रस्ता किती निसरडा आहे हे तिच्या मालकाला पहिल्यांदा कळतं, ते ब्रेक दाबल्यावर.

मग या टायरमध्ये असं असतं तरी काय?

रबर थंडीत कडक होतं. उन्हाळी टायरचं रबर गरम डांबरावर टिकावं म्हणून बनवलेलं असतं. पारा साधारण ७ अंशांच्या खाली गेला की ते हळूहळू ताठर व्हायला लागतं, आणि शून्याखाली तर त्याची पकड झपाट्याने घटते. बर्फ पडलेला नसला तरीही. हिवाळी टायरच्या रबराचं मिश्रण थंडीतही मऊ राहील असं केलेलं असतं.

दुसरी गोष्ट त्याच्या नक्षीत. टायरच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने चिरा पाडाव्यात तशा शेकडो बारीक फटी असतात. चाक फिरताना त्या उघडतात, बर्फाला कडा रुतवतात आणि थोडा बर्फ स्वतःत धरून ठेवतात. बर्फाला बर्फ चांगला चिकटतो, हे स्नोमॅन करणाऱ्या लहान पोरांनाही माहीत असतं. टायर तेच तत्त्व वापरतो.

ही कल्पना फिनलंडची. आज नोकियन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने १९३४ मध्ये ट्रकसाठी हिवाळी टायर बनवला आणि १९३६ मध्ये मोटारींसाठी ‘हक्कापेलिट्टा’ आणला. हे नाव आजही त्यांच्या टायरवर असतं.

महागड्या सेडानचं दुखणं इथे आणखी वाढतं. शोरूममधून येताना त्यांच्यावर बऱ्याचदा रुंद, कमी उंचीचे, वेगासाठी बनवलेले उन्हाळी टायर असतात. मागचे तर पुढच्यांपेक्षाही रुंद. दिसायला झकास. पण रुंद टायर ताज्या बर्फात रुतून खालच्या टणक थरापर्यंत जाण्याऐवजी वर तरंगायला बघतो. म्हणून जाणकार लोक हिवाळ्यासाठी एक इंच लहान रिम आणि थोडा अरुंद टायर घेतात, अर्थात कंपनीने त्या गाडीला चालतील म्हणून दिलेल्या मापांपैकीच. तो स्वस्त पडतो आणि खड्ड्यात रिमही वाचते. गाडी जरा बिचारी दिसते खरी, पण चार महिने चालवून घ्यायचं.

सोलच्या त्या रात्रीचं कोडं इथे बरंचसं सुटतं. निम्मं वजन, भरपूर ताकद आणि रुंद उन्हाळी टायर, तिन्ही गोष्टी एकाच गाडीत आल्या तर चढावर काय होणार? नाव मात्र एकट्या मागच्या चाकांचं खराब झालं.

पैसे वाचवायला काही जण दोनच हिवाळी टायर घेतात, ढकलणारी चाकं मागे आहेत म्हणून फक्त मागे लावतात. हा शहाणपणा अंगाशी येतो. गाडी निघते झकास, पण वळवणारी आणि जास्त ब्रेक घेणारी पुढची चाकं अजून उन्हाळ्यातच असतात. वळणावर स्टेअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जाते. टायर बदलायचे तर चारही.

शेपूट सुटली तर?

पुढच्या चाकांची गाडी घसरली की बहुधा वळतच नाही, सरळ जाते. मागच्या चाकांची गाडी उलटं करते. तिची मागची बाजू बाहेर फेकली जाते आणि गाडी स्वतःभोवती फिरायला बघते. जुन्या काळात यामुळेच या गाड्यांची दहशत होती. लोक डिकीत वाळूची पोती टाकून मागचं वजन वाढवायचे, म्हणजे पुन्हा ट्रॅक्टरवालीच युक्ती. आज ती फारशी गरजेची नाही. शिवाय पोतं नीट बांधलेलं नसेल तर धडक बसल्यावर तेच आतल्या माणसांच्या अंगावर येऊ शकतं.

आजच्या गाड्यांमध्ये इलेक्ट्रॉनिक्स बरंच सांभाळून घेतं. १९७८ मध्ये मर्सिडीज एस क्लासमध्ये बॉशचं एबीएस आलं, ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होणं थांबलं. १९९५ मध्ये मर्सिडीजमध्येच ईएसपी आलं. गाडी फिरायला लागली की ते एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला सरळ करतं आणि इंजिनाची ताकदही कमी करतं. मात्र ही यंत्रणा आहे त्या पकडीची नीट वाटणी करते, नवी पकड तयार करत नाही. ती फक्त टायर देतो.

म्हणून पायाचं काम उरतंच. निघताना ॲक्सिलरेटरखाली अंडं ठेवलंय असं समजून पाय टाकायचा. गाडीत स्नो मोड असेल तर लावायचा, मॅन्युअल असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये उचलायची, म्हणजे चाकावर कमी जोर येतो. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावरच वेग कमी करायचा. वळणात असताना अचानक पाय उचलायचा नाही की झटक्यात खालचा गिअर टाकायचा नाही, कारण इंजिनाचा अडसर या गाड्यांत फक्त मागच्या चाकांवर येतो आणि हँडब्रेक ओढल्यासारखा परिणाम होतो.

तरीही मागची बाजू सुटलीच, तर ॲक्सिलरेटर सावकाश सोडायचा आणि जिथे जायचंय तिकडे नजर ठेवून स्टेअरिंग तिकडे फिरवायचं. मागचा भाग उजवीकडे गेला तर स्टेअरिंगही उजवीकडे. गाडी सरळ व्हायला लागली की लगेच स्टेअरिंगही सरळ, नाहीतर ती दुसऱ्या बाजूला फेकली जाते. वाचायला सोपं आहे, करायला नाही. म्हणून बर्फाळ देशांत लोक पहिल्या बर्फात एखाद्या रिकाम्या, परवानगी असलेल्या मैदानात याचा सराव करतात. फिनलंडमध्ये तर लायसन्स घेतानाच निसरड्या रस्त्यावरचं प्रशिक्षण घ्यावं लागतं.

गाडी बर्फात रुतलीच, तर ट्रॅक्शन कंट्रोल थोडा वेळ बंद करायला हरकत नाही. चाक जरा फिरू लागलं की ही यंत्रणा ताकद कापते आणि गाडी जागची हलत नाही. ती बंद करून हळूच पुढे-मागे झोका दिला की बऱ्याचदा सुटका होते. बाहेर पडल्यावर पुन्हा चालू करायला मात्र विसरायचं नाही.

आणि चेन. चाकाला बांधायच्या साखळ्या ढकलणाऱ्या चाकांना बांधायच्या असतात, म्हणजे या गाड्यांत मागच्या. यूट्यूबवर दुसऱ्याच गाडीचा व्हिडिओ बघून पुढच्या चाकांना चेन बांधून बसणारेही असतात!

कायदा काय म्हणतो?

म्युनिक, स्टुटगार्ट, टोरंटो, डेट्रॉइट. पुण्यातून इंजिनिअर होऊन या शहरांत गेलेली मराठी मंडळी आता थोडीथोडकी नाहीत. तिथे पोचल्यावर पहिली चैन म्हणून वापरलेली ३ सीरिज किंवा सी क्लास घेणारेही बरेच. त्यांच्यासाठी, आणि हिवाळ्यात युरोपात भाड्याच्या गाडीने फिरणाऱ्यांसाठी हा भाग महत्त्वाचा.

जर्मनीत तारखेचं बंधन नाही, परिस्थितीचं आहे. रस्त्यावर बर्फ, चिकट बर्फाचा लगदा किंवा दवाचा गोठलेला थर असेल तर हिवाळी टायर हवेतच. नसतील तर ६० युरो दंड, रहदारी अडवली तर ८०, आणि वर लायसन्सच्या खात्यावर एक पॉइंट. अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईला कात्री लावू शकते. ऑस्ट्रियात असाच नियम १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल लागू असतो आणि हिवाळी टायरची नक्षी किमान ४ मिलिमीटर खोल असावी लागते. कॅनडातल्या क्यूबेक प्रांताने तर सरळ तारखाच ठरवून दिल्यात, १ डिसेंबर ते १५ मार्च. तिथे बर्फ पडो न पडो, टायर पाहिजेत.

टायर घेताना बाजूला एक चिन्ह बघायचं. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाचा कण. हे चिन्ह ठरावीक चाचणीत पास झालेल्या टायरलाच मिळतं. नुसतं ‘एम प्लस एस’ लिहिलेलं असेल तर त्यावर जाऊ नका. ते कंपनी स्वतःच छापते, त्यासाठी बर्फातली चाचणी लागत नाही. जर्मनीने १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसतं ‘एम प्लस एस’ असलेले टायर हिवाळी म्हणून धरणं बंद केलं आहे. वापरलेली गाडी ‘हिवाळी टायरसकट’ मिळत असेल, तर सौदा ठरवायच्या आधी खाली वाकून हे चिन्ह आणि नक्षीची खोली बघितलेली बरी. डोंगराचं चिन्ह असलेले ऑल सीझन टायरही कायद्याला चालतात, आणि शहरात क्वचित बर्फ पडत असेल तर पुरतातही. आल्प्सच्या घाटात रोज जायचं असेल तर मात्र खरे हिवाळीच हवेत.

राहिला प्रश्न खर्चाचा. चार टायर आणि चार रिमचा जास्तीचा संच घ्यायचा म्हणजे खिशाला चाट बसतेच. पण हिवाळी टायर फिरत असतात तेव्हा उन्हाळी टायर झिजत नाहीत, त्यामुळे दोन्ही संच जास्त वर्षं पुरतात. जर्मन लोक ऑक्टोबर ते ईस्टर असा हिशोब धरतात, कारण त्यांच्या भाषेत दोन्ही शब्द ‘ओ’ने सुरू होतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने काढलेले चार टायर ठेवायचे कुठे, याचीही सोय तिथे आहे. गॅरेजवाले वर्षाचं भाडं घेऊन ते स्वतःकडे ठेवतात, त्यावर तुमच्या गाडीचा नंबर लिहितात आणि पुढच्या मोसमात काढून देतात. या जागेला जर्मन लोक ‘टायरचं हॉटेल’ म्हणतात.